किडेखाऊ पिल्लांना लागलेली कीड

१८ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र वहिनी मोठ्याने वाचणार आणि तू गिऱ्हाइकाच्या मानेवर मशीन फिरवत, आपल्याला काही ऐकूच येत नाही असा चेहरा करणार, हे मला इथे बसून दिसतंय. चेहरा कसाही कर. मशीन तेवढं बंद ठेव, घरघरीत माझे शब्द बुडतात.

नोकरी लागली. बेकरीसारखी नाही, टायरवाल्यासारखी नाही, केबलच्या खड्ड्यांसारखी तर अजिबातच नाही. नर्सरी आहे. थांब, लगेच नाक मुरडू नकोस. गुलाबाची कलमं नाहीत इथे. इथली झाडं किडे खातात. वहिनी, हसू नकोस, खरंच खातात. एक जात आहे तिच्या पानालाच जबडा असतो, कडेला पापण्यांसारखे दात. माशी आत शिरून दोनदा हलली की जबडा फटकन बंद. दुसरी जात म्हणजे दवबिंदू. तिच्या पानावर केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. चिलट बसलं की बसलंच. सकाळी उन्हात बघितलं तर वाटतं, कुणीतरी रात्रभर बसून काचेचे मणी ओवलेत.

मला दिलीय पिल्लांची खोली. मोठी झाडं बाहेर, पारदर्शक छपराखाली. पिल्लं आत, लोखंडी मांडणीवर, ट्यूबलाइटखाली, प्रत्येक ट्रेमध्ये बोटभर पाणी. अख्खं रोप शर्टाच्या बटणाएवढं आणि त्याचा जबडा मसुरीच्या दाण्याएवढा. खोलीला ओल्या शेवाळाचा वास येतो. पहिल्या दिवशी नको वाटला, आता जेवताना हाताला येतो तरी चालतं.

आता गंमत ऐक. ह्या किडे खाणाऱ्यांना किडे खातायत! मावा लागलाय. रोपाच्या मधोमध, जिथून नवं पान निघतं तिथे, जबडा पोचत नाही. नेमका तिथेच हिरवा मावा ठाण मांडून रस पितो. वाघाच्या कानात गोचिडी व्हाव्यात तसं. मी मालकीणबाईंना म्हटलं, "बाई, ह्यांना स्वतःच्या घरातलेच खाता येत नाहीत?" तर त्या म्हणाल्या, "तुला स्वतःच्या पाठीला खाजवता येतं का? मग ब्रश घे आणि लाग कामाला."

तर मी दिवसभर भिंग लावून, एकेका रोपाच्या बुडातून मावा झाडतो. ब्रश तुझाच आहे, तो मऊ केसांचा, जुना, दाढीचा. दुकानात शोधत असशील तर शोधू नकोस.

स्टँडवर तू म्हणाला होतास, आता मिळेल ती जागाही सुटली की गुपचूप यायचं, तुझ्या शेजारच्या खुर्चीमागे उभं राहायचं आणि मग आयुष्यभर हलायचं नाही. मी कबूल म्हटलं होतं. त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस. नको बोलूस. पण कबूल म्हणजे कबूल, दोन्ही बाजूंनी. टिकलो, तर खुर्चीचं नाव काढायचं नाही.

तुझा,
भिंगरी


२ मार्च

दादा,

सगळं उत्तम चाललंय. तब्येत चांगली. काम चांगलं. बाई चांगल्या.

इथे पॅकिंगला एक काका आहेत. झाडं खोक्यात भरून गावोगाव पाठवायचं काम त्यांचं. गोल पोट, कानात केस, आणि तोंड अखंड चालू. मी दिसलो की विचारतात, "काय रे, अजून आहेस?" मी म्हणतो, "आहे की." मग म्हणतात, "असं कसं, मी तर तुझा डबा ठेवायची जागा दुसऱ्याला कबूल केली."

मागे मी नळाखाली झारी धरली तर हे खोके टाकून धावत आले. हाताला हिसका. म्हणे, ह्या झाडांना नळाचं पाणी म्हणजे विष, त्यातले क्षार मुळं जाळतात. फक्त पावसाचं साठवलेलं पाणी, त्या निळ्या टाक्यांतलं. लाड बघ. तू मला कधी गरम पाण्याने अंघोळ घातली नाहीस.

माव्याचं म्हणशील तर आता दवबिंदूंवरही आलाय. मोठ्या किड्याला जे चिकटवतात त्यांच्या अंगावरून हा पिटुकला बुडाशी जाऊन बसतो. पण त्यावर मी उपाय केलाय.

एक विचारायचं होतं. आपला तो गोल डबीतला दाढीचा साबण, त्यात काही जहाल असतं का रे? म्हणजे समज, गालाऐवजी दुसऱ्या कशाला लागला तर? सहज विचारतोय. वहिनीने उत्तर लिहिलं तरी चालेल. जरा लवकर लिहिलं तर बरं.

तुझा,
भिंगरी


११ मार्च

दादा,

वहिनीचं पत्र आलं. त्यात एकच ओळ तुझी म्हणून लिहिली होती, "हे म्हणतात, साबणाचं सहज कोणी विचारत नसतं."

बरं. सांगतो.

बाहेर कुंड्या भरणारे एकमेकांत बोलताना मी ऐकलं होतं की माव्यावर साबणाचं पाणी मारतात. गुलाबावर मारतात, मिरचीवर मारतात. मी म्हटलं, साबणातलं आपल्याला कोणी शिकवायचं? माझ्या पिशवीत डबी होतीच. हो, तीही तुझीच. ब्रश होता, वाटी होती. नुसतं पाणी कशाला, मी असा फेस केला दादा, की तू बघितला असतास तर मान हलवली असतीस. घट्ट, शुभ्र, वाटी उलटी केली तरी पडणार नाही असा. आणि दवबिंदूंच्या दोन ट्रेंची, एकेका पिल्लाची, प्रेमाने दाढी केली. खालून वर, मग गोल गोल. फेस मुरायला वेळ दिला. मग धुतलं. पावसाच्याच पाण्याने धुतलं, तेवढी अक्कल होती.

मावा मेला. सगळा मेला. मी शीळ घालत बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी बघतो तर थेंब गायब. एकाही पानावर मणी नाही. केस सगळे चिकटून आडवे पडलेले, टोकं तपकिरी. आंघोळ करून न पुसलेल्या मांजराच्या पिल्लासारखी दिसत होती सगळी. मी ट्रे मागच्या फळीवर सरकवले आणि तुला ते पत्र लिहायला बसलो.

पण बाईंच्या नजरेतून सुटतंय का काही? त्या आल्या, वाकल्या, नाक खाली नेलं आणि म्हणाल्या, "ह्यांना चंदनाचा वास का येतोय?"

मी फळी पुसायला लागलो.

"अरे, मी विचारते, माझ्या रोपांना लग्नाला नेलं होतंस का?"

मग सांगितलं. फेस, ब्रश, खालून वर, सगळं. मला वाटलं आता माझी पिशवी बाहेर येते. बाई स्टुलावर बसल्या, चष्मा काढला आणि डोळे पुसायला लागल्या. मी घाबरलो. मग कळलं की हसतायत. दाराशी काका उभे होते, ते तर खोक्याला धरून खाली बसले. "दाढी!" म्हणे, "अगं बाई, दाढी केली!"

हसून झाल्यावर मात्र बाईंनी चष्मा लावला आणि आवाज बदलला. "हे बघ, दवबिंदू चिवट असतात. नवी पानं येतील तेव्हा थेंबही येतील. आली नाहीत तरी मी पोट मारून जगेन. पण ते बघ." आणि वरच्या फळीकडे बोट केलं.

तिथे लाल जबड्यांचा ट्रे आहे. बाईंनी दोन झाडं निवडून, स्वतः काडीने पराग लावून, बी धरून, बी रुजवून वाढवलेली. जबडे आतून-बाहेरून डाळिंबी. तशी दुसरीकडे कुठेच नाहीत म्हणे. त्यांच्याही नव्या पानांना पीळ पडलाय. नवं पान वाकडं निघालं की समजायचं, बुडात मावा आहे. बाई म्हणाल्या, "ही गेली तर माझी इतक्या वर्षांची मेहनत गेली. हात हलका आहे तुझा, ते मी बघितलंय. पण स्वतःचं डोकं चालवलंस की मला धडकी भरते. ही तुझ्या हातून जगली, तर पिल्लांची खोली कायमची तुझी. नाही जगली, तर मी माणूस बदलीन. राग नाही, पण बदलीन."

म्हणजे बघ दादा, तुझी खुर्ची आणि मी ह्यांच्यामध्ये आता एक ट्रे उभा आहे.

वहिनी, हे वाचताना तूही हसलीस ना? हसलीसच.

तुझा,
भिंगरी


२० मार्च

दादा!

तुझं पत्र! तुझ्या हातचं! पाकिटावरचं अक्षर बघून मी आधी उलटंच धरलं.

काकांना वाचून दाखवलं, बाईंना वाचून दाखवलं, आता मला पाठ झालंय: "गाढवा, दाढीचा फेस गालासाठी असतो. गाल झाडाचा असो नाहीतर माणसाचा, नव्या कातडीला काहीही लावायचं तर आधी एका जागी थोडं लावून बघायचं, वाट बघायची, मग पुढे जायचं. पहिल्या दिवशी शिकवलं होतं. डबी परत पाठव." खाली सहीसुद्धा नाही. स्टँडपासून आजपर्यंत तू गप्प, आणि तोंड उघडलंस ते साबणाचा अपमान सहन झाला नाही म्हणून! मी इतका हसलो की काका म्हणाले, घरून चांगली बातमी दिसते. मी म्हटलं, हो, दादाने शिव्या दिल्या.

पण ऐक, तुझ्या शिव्या कामाला आल्या.

लाल जबड्यांवर बाई औषध मारू देत नाहीत, कोवळी आहेत म्हणून. त्यांचा उपाय वेगळाच. अख्खं रोप कुंडीसकट पावसाच्या पाण्यात बुडवायचं, दोनेक दिवस. ही दलदलीतली झाडं, बुडाली तरी तग धरतात. मावा गुदमरून मरतो. बाहेर फार लवकर काढलं तर मावा उठून बसतो, फार उशीर केला तर रोप कुजतं. आणि मधे हात घालायचा नाही. हलवायचं नाही, उचलून बघायचं नाही.

मी सगळा ट्रे एकदमच टबात घालणार होतो. बाह्या वर केल्या होत्या. तेवढ्यात तुझं पत्र आलं. "आधी एका जागी." मग फक्त एक कुंडी घातली, सगळ्यांत मरतुकडी होती ती.

पाणी वर आलं आणि कुंडीतलं शेवाळमातीचं मिश्रण फुगून असं वर उसळलं, की रोप मुळासकट तरंगायला लागलं. कोवळं मूळ, दोऱ्याएवढं. अख्खा ट्रे घातला असता तर दादा, सगळी लाल पिल्लं चहातल्या पावडरीसारखी गरगर फिरत राहिली असती आणि मी आज हे पत्र तुझ्या खुर्चीमागे उभा राहून तोंडी सांगितलं असतं.

बाईंना दाखवलं. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मी मोठी झाडं बुडवत आले आजवर, त्यांची मुळं माती धरून ठेवतात. पिल्लांचं माझ्या डोक्यातच आलं नाही." मग आम्ही दोघांनी बसून कांद्याच्या पिशवीची जाळी कापली आणि एकेका कुंडीच्या तोंडावर रोपापुरती फट ठेवून बांधली. कात्री धरलेली बघून बाई म्हणाल्या, "तुला हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "डबी परत मागणाऱ्याने."

डबी पाठवतोय. अर्धी आहे.

तुझा,
भिंगरी


२७ मार्च

दादा,

हे पत्र अंगणातल्या टबाशेजारी बसून लिहितोय. पिल्लं पाण्याखाली आहेत. बाईंच्या मुलीचं बाळंतपण अचानक आलं, त्या सकाळच्या गाडीने तिकडे गेल्या. जाताना किल्ली माझ्या हातात दिली आणि बजावलं, "हात घालायचा नाही. उद्या दुपारनंतर काढायचं, त्याच्या आधी नाही. कळलं?" कळलं म्हटलं. आणि त्या फाटकाबाहेर गेल्याबरोबर माझे हात शिवशिवायला लागले.

तुला माहितीये माझं. बूड टेकत नाही. पाण्यातून जबडे दिसतात, प्रत्येकात हवेचा बुडबुडा अडकलेला, चंदेरी. वाटतं, त्या बुडबुड्यात मावा श्वास घेत बसला असेल, एकदाच हलवून बघू. एकदाच. मी बाही वर केली, खाली केली. बाहेर जाऊन आलो. पुन्हा बाही वर केली.

काका खोकी चिकटवत बघत होते. म्हणाले, "अरे, बस की एका जागी. तुला बघून मला चक्कर येते."

मी म्हटलं, "काका, मला काहीतरी काम द्या, नाहीतर मी ह्यात हात घालणार."

"काम काय देऊ? माझे कान भादर."

त्यांनी चेष्टेने म्हटलं. मी आत गेलो आणि कंगवा-कात्री घेऊन आलो. स्टूल अंगणात ठेवलं, टबावर ओली चादर टाकली, केस उडू नयेत म्हणून. काकांच्या गळ्यात पॅकिंगचा कागद बांधला. आधी कान, मग मान, मग म्हटलं बसलाच आहात तर डोकंही. तू शिकवलेलं तेच, मागून चढवत आणायचं, कानावर घाई करायची नाही. काकांनी मोबाइलच्या काचेत बघितलं आणि कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. हे मी इथे आल्यापासून पहिल्यांदाच घडलं. मग म्हणाले, "बायको ओळखायची नाही रे."

तिथून जे सुरू झालं! कुंड्या भरणाऱ्या दोघांना कळलं, त्यांनी टेम्पोवाल्याला सांगितलं, टेम्पोवाला शेजारच्या पत्र्याच्या कारखान्यातल्या चौघांना घेऊन आला. अंगणात रांग. कोणी म्हणतंय बारीक कर, कोणी म्हणतंय कल्ले ठेव. एकाने विचारलं, "दाढीपण करतोस का?" तर काका ओरडले, "त्याच्याकडून दाढी करून घेऊ नका, थेंब गळून पडतात!" इतर कुणाला काही कळलं नाही, आम्ही दोघंच हसत बसलो.

मधेमधे मी चादर उचलून टबाकडे बघत होतो. फक्त बघत होतो. हात कात्रीत होता ना.

दादा, एक गोष्ट तुला सांगतो, वहिनी, ही जरा हळू वाच. मला तुझं काम कधी आवडत नव्हतं असं नाही. चार भिंती आणि तोच आरसा, तेवढंच मला डाचत होतं. आज अंगणात वारा होता, केस उडून फाटकापर्यंत जात होते, आणि हात आपोआप चालत होता. चांगलं वाटलं.

उद्या दुपारी काढतो. जगली असतील तर हिरवी निघतील, नसतील तर हाताला बुळबुळीत लागतील. जीव टांगणीला लागलाय. तिकडून बाईंचा फोन आला, मुलगी झाली, दोघी खुशाल. फोन ठेवताना म्हणाल्या, "आणि माझी पिल्लं?" मी म्हटलं, "पोहतायत."

तुझा,
भिंगरी


२४ एप्रिल

दादा,

इतके दिवस लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं नक्की काही नव्हतं, आणि खोटं लिहिलं की तू साबणासारखं लगेच ओळखतोस.

काढली तेव्हा हिरवी होती. पाण्यावर मेलेल्या माव्याची साय आली होती, ती गाळून फेकली. पण बाई परत आल्यावर भिंगातून बघून म्हणाल्या, अजून दोन-चार जिवंत आहेत, आठवड्याने पुन्हा एकदा बुडवावं लागेल. पुन्हा तसंच. पुन्हा अंगण, पुन्हा रांग, ह्या वेळी कारखान्याचा मुकादमही आला. कोपऱ्यातली काही रोपं मात्र कुजलीच. बोटाला बुळबुळीत लागली तसा मी ती घेऊन मागे कचऱ्याकडे गेलो आणि जरा वेळ तिथेच उभा राहिलो. बाकीची नुसतीच बसून. ना मरत, ना वाढत. रोज सकाळी भिंग लावायचं, आणि रोज तेच वाकडं जुनं पान. काकांनी "अजून आहेस?" विचारायचं बंद केलं, तेव्हा मला जास्तच भीती वाटली.

आज सकाळी एकाला नवं पान आलं. सरळ! पीळ नाही, सुरकुती नाही, टोकाला मिटलेला इवलासा जबडा, लाल. मग शेजारच्याला बघितलं, त्यालाही. मग त्याच्या शेजारच्याला. मी ओरडलो, बाई चपला न घालता धावत आल्या, त्यांच्यामागे काका, हातात चिकटपट्टी लोंबत होती. तिघांनी आळीपाळीने भिंग घेतलं. बाईंनी ट्रेच्या कडेवर हात ठेवला, बराच वेळ तसाच. मग म्हणाल्या, "ह्या खोलीच्या मांडणीला रंग द्यायचाय. तुला कुठला आवडतो?"

मला आधी कळलंच नाही. काका म्हणाले, "अरे येड्या, खोली तुझी आहे. रंग सांग."

हिरवा सोडून कुठलाही, असं मी म्हटलं. पिवळा ठरलाय.

आणि दवबिंदू! तुझ्या साबणातून वाचलेले! एकूण एक पुन्हा मण्यांनी भरलेत. एकाने तर आजच चिलट धरलं. चंदनाचा वास अजून येतो असं काका म्हणतात, पण ते काहीही बोलतात.

तर दादा, टिकलो. मी परत येत नाही. हे लिहिताना मला वाईट वाटायला हवं होतं, पण माझं तोंड कानापर्यंत गेलंय, तेव्हा खोटं कशाला लिहू? त्या खुर्चीमागे चांगला माणूस ठेव, मनगट हलकं असलेला. माझी वाट बघत ती रिकामी ठेवू नकोस.

इथले लोक आता दर रविवारी सकाळी फाटकाशी येऊन बसतात. मी त्यांना सांगितलंय, मी करतो ती नुसती छाटणी, केस कापणारा माझा मोठा भाऊ आहे. मुकादम म्हणाला, मग त्याला बोलव, एकदा बघू तरी दे. काका म्हणाले, ते आले तर मी परत केस वाढवायला घेतो.

वहिनीने मागच्या पत्रात बारीक अक्षरात लिहिलंय, "हे विचारत होते, तिकडे यायला कुठली बस पडते. मी सांगितलं असं कळू देऊ नका." वहिनी, माफ कर, कळू दिलं.

दादा, सकाळची पकड. दुपारच्या बसला खिडक्या लागत नाहीत आणि ती वाटेत दोनदा तापते. पुलाअलीकडच्या थांब्यावर उतर, पलीकडे नको, तिथून चढ आहे. वहिनीला खिडकीजवळ बसव. कात्र्या तुझ्या तू आण, माझ्या जाळी कापून बोथट झाल्यात. मी थांब्यावर येईन, आणि बस यायच्या आधी येईन. हसू नकोस.

तुझा धाकटा